मुलांचें वारंवार दुखणें आणि घरांतील बोलणें

ताप आला तर तो तापमापक नळींत दिसतो. हाड मोडलें तर त्याचें छायाचित्र घेतां येतें. खरूज झाली तर ती डोळ्यांस दिसते. परंतु वेदना किती आहे हें परस्पर मोजून दाखविणारें यंत्र वैद्यांच्या हातीं नाहीं. ती ज्याची त्यालाच कळते, आणि इतरांस ती त्याच्या शब्दांवरून, चेहऱ्यावरून व वागण्यावरून ओळखावी लागते. प्रौढ मनुष्य आपलें दुखणें चार शब्दांत मांडूं शकतो. सात-आठ वर्षांच्या मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. जे असतात ते त्यानें बहुतेक आईबापांपासूनच घेतलेले असतात. म्हणून मुलाचें दुखणें हा विषय जितका दवाखान्याचा आहे तितकाच घरांतील बोलण्याचाही आहे. आईनें काय विचारलें, वडिलांनीं काय म्हटलें, मुलानें काय सांगितलें आणि काय मनांतच ठेवलें, यांवर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखांत या बोलण्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

एकदां दुखलें, औषध घेतलें आणि बरें झालें, अशा दुखण्याविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. आमचा रोख आहे तो परत परत येणाऱ्या दुखण्यावर. कोणाचें डोकें दर आठवड्यास दुखतें, कोणाचे पाय रात्रीं दुखतात व सकाळीं तोच मुलगा हरिणासारखा धांवतो, आणि कित्येकांचें पोट शाळेच्या वेळेस नेमकें दुखूं लागतें. यांपैकीं पोटदुखी हें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण घेऊं. तिला जें लागू आहे तें थोड्याफार फरकानें इतर दुखण्यांसही लागू पडतें.

इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जॉन अ‍ॅप्ली नांवाचे बालरोगांचे प्रसिद्ध वैद्य होऊन गेले. त्यांनीं व नेइश यांनीं मिळून १००० शाळकरी मुलांची पाहणी केली व तिचा वृत्तांत १९५८ सालीं प्रसिद्ध केला. निदान तीन महिन्यांच्या अवधींत निदान तीन वेळां, आणि नेहमींच्या कामांत खंड पडावा इतक्या जोरानें ज्यांचें पोट दुखलें, तेवढींच मुलें त्यांनीं मोजलीं. तरीही शंभराहून थोडीं अधिक मुलें या मोजणींत आलीं. म्हणजे दहांमागें एक. हेंच प्रमाण धरलें तर पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गांत पांच जण असे निघतील. त्यांपैकीं प्रत्येकाला वाटत असतें कीं हें दुखणें आपल्या एकट्यालाच आहे!

अ‍ॅप्ली यांस आणखी एक गोष्ट आढळली. अशा मुलांची बारकाईनें तपासणी केल्यावर दहांत एकाहूनही कमी मुलांच्या शरीरांत दाखवितां येण्यासारखा रोग सांपडला. बाकीच्यांचें पोट, आंतडें, मूत्रपिंड सर्व कांहीं ठीक होतें. येथेंच पहिला घोटाळा होतो. वैद्य म्हणतात, "तपासणींत कांहीं निघालें नाहीं." घरीं त्याचा अर्थ होतो, "याला कांहीं झालेलें नाहीं." आणि तेथून पुढचा अर्थ निघतो, "हा सोंग करतो." या तीन वाक्यांत फार मोठें अंतर आहे, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे.

चिंचेचें नांव काढलें कीं तोंडाला पाणी सुटतें. तें पाणी खरें असतें. तें कोणी मुद्दाम आणीत नाहीं, व आणूं नये म्हटल्यानें तें थांबतही नाहीं. वर्गांत एकदम नांव पुकारलें कीं छाती धडधडते, ती धडधडही खरी असते. त्याचप्रमाणें आपल्या आंतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचें स्वतःचें एक मोठें जाळें आहे. त्यांत कोट्यवधि मज्जापेशी आहेत आणि त्या जाळ्याचा मेंदूशीं अखंड निरोपव्यवहार चालू असतो. अन्न पुढें सरकणें, आंतडें आकसणें व फुगणें हे व्यापार दिवसभर चालतात, पण त्यांची दाद बहुतेकांस लागत नाहीं. कांहीं मुलांच्या बाबतींत हें जाळें अधिक हळवें झालेलें असतें. मागें एखादा जुलाबाचा आजार होऊन गेलेला असतो, कांहींस बद्धकोष्ठ असतें, कांहींच्या घराण्यांतच पोटाची तक्रार चालत आलेली असते, कांहींच्या मनावर परीक्षेचा किंवा कोणाच्या छळाचा ताण असतो. मग जो निरोप इतरांच्या मेंदूपर्यंत पोंचतही नाहीं तो या मुलांना वेदना होऊन जाणवतो. उलट मेंदूकडूनही खालीं निरोप जातात. १९६५ सालीं रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक दार असतें. वेदनेचे निरोप त्यांतून वर जातात, आणि भीति, लक्ष, धीर यांच्या योगानें मेंदू तें दार कमीअधिक उघडतो वा लोटतो. त्यांच्या मतांतील तपशील पुढें सुधारले गेले, पण मुख्य गोष्ट टिकली आहे. म्हणून "मनाचा संबंध आहे" असें वैद्यांनीं सांगितलें तर त्याचा अर्थ "दुखणें खोटें आहे" असा मुळींच होत नाहीं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हां तिला जोडूनच असें नमूद केलें कीं, मनुष्य आपल्याला वेदना होते असें सांगतो तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. यांत लहान मुलें वगळलेलीं नाहींत.

आतां मुलाच्या शब्दांकडे वळूं. मराठींत अगदीं लहान मुलाला लागलें कीं आपण "बाऊ झाला का?" असें विचारतों, आणि दुखण्यासाठीं मुलाला मिळणारा पहिला शब्द पुष्कळदां हाच असतो. मोठेपणीं मात्र "बाऊ करूं नको" असें त्यालाच आपण बजावतों. पहिल्या शब्दानें दुखणें सांगावयास शिकविलें, दुसऱ्यानें तें लपवावयास शिकविलें! बाऊ आणि "दुखतें" यांच्या पलीकडचे शब्द पुष्कळ मुलांस कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. वास्तविक आपली भाषा या बाबतींत श्रीमंत आहे. वर सांगितलेले मेल्झॅक हे कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत होते; त्यांनीं १९७५ सालीं रोग्यांसाठीं वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांची वीस गटांत मांडणी करून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, कारण कोणता शब्द रोगी निवडतो यावरून वैद्याला रोगाचा माग लागतो. आपल्या आजीला विचारलें तर तीही अशी एक यादी सहज सांगेल.

गळूं पिकलें कीं तें ठसठसतें. दाढ ठणकते, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणें उसळतें. कळ एकदम उठते, शिगेस पोंचते आणि ओसरते. मुरडा पोट पिळवटतो व शौचास जावेंसें वाटावयास लावतो. पाठींत किंवा कुशींत हालचालीबरोबर चमक निघते. आंत रुतून राहिलेला काटा सलतो. खरचटलेल्या जागीं चरचरतें, तिखट लागलेला डोळा झोंबतो, छातींत जळजळतें, पोट फुगून तटतटतें, पायांत गोळा येतो. डोक्याची एकच बाजू दुखत असेल तर तिला अर्धशिशी हें नांवच आहे. आणि मळमळ ही तर वेदना नव्हेच. पण लहान मूल तिलाही "पोट दुखतें" असेंच म्हणतें. भूक लागली तरी तेंच, शौचास लागली तरी तेंच. भीतीनें पोटांत गोळा येतो असें आपण म्हणतों. मुलाच्या पोटांत तो गोळा खराच आलेला असतो, आणि तोही तें "पोट दुखतें" या दोन शब्दांतच सांगतें. म्हणजे या दोन शब्दांच्या मागें आठ-दहा निरनिराळ्या गोष्टी उभ्या असूं शकतात. त्यांतली कोणती, हें ओळखण्यास मुलाला शब्द दिले पाहिजेत. आणि ते दुखत नसतांना, जेवतांना, गोष्टी सांगतांना सहज दिले पाहिजेत. ऐन कळ उठली असतां शब्दांचा पाठ देण्यांत अर्थ नाहीं.

ज्यांना शब्द साधत नाहींत अशा लहान मुलांसाठीं वैद्यांनीं चेहऱ्यांची चित्रें योजिलीं आहेत. २००१ सालीं सुधारलेल्या अशा एका चित्रपट्टींत सहा चेहरे आहेत. पहिला शांत, शेवटचा अतिशय वेदनेचा. मुलानें आपल्या दुखण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवावयाचें. यांतील एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिला चेहरा हसरा नाहीं आणि शेवटच्या चेहऱ्यावर आंसवें नाहींत. कारण न दुखणें म्हणजे आनंद नव्हे, आणि रडूं न येणें म्हणजे न दुखणें नव्हे. कित्येक मुलें फार दुखत असतां अगदीं गप्प बसतात. घरीं आपण "रडत नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं" असा निकाल देतों, तो पुष्कळदां चुकतो.

घरांतील बोलण्यांत मुख्यतः दोन दोष आढळतात. पहिला अविश्वासाचा. "आई, पोट दुखतें" असें म्हणतांच उत्तर येतें, "शाळेची वेळ झाली कीं बरें दुखतें रोज! काल खेळतांना कुठें गेलें होतें?" हें बोलणें तर्काला धरून आहे असें वाटतें, परंतु तसें तें नाहीं. सकाळची घाई, न झालेलें शौच, न केलेला गृहपाठ, वाटेंत भेटणारा दांडगा मुलगा, हीं सर्व शाळेच्याच दिवशीं एकत्र येतात. रविवारीं त्यांतलें कांहींच नसतें. तेव्हां रविवारीं दुखत नाहीं यावरून दुखणें खोटें ठरत नाहीं, उलट त्याचें कारण कोठें शोधावें हें कळतें. अविश्वासानें मुलाला दोन धडे मिळतात. एक तर पुढच्या वेळीं अधिक मोठ्यानें सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नाहीं, किंवा यापुढें सांगूंच नये. दोन्ही घातक आहेत.

दुसरा दोष अतिकाळजीचा, आणि तो मायेच्या पोटींच जन्म घेतो. "कुठें दुखतें रे? फार दुखतें का? कालच्यापेक्षां जास्त? अजून आहे का? थांबलें का? आत्याबाई, बघा हो, याला आज पुन्हां सुरू झालें. राहूं दे आज शाळा!" दर पांच मिनिटांनीं विचारपूस होते, पाहुण्यांसमोर मुलाच्या दुखण्याची कथा सांगितली जाते, आवडीचा खाऊ मिळतो, धाकट्या भावंडाला गप्प बसविलें जातें. मुलानें क्षणभर दुखणें विसरावें म्हटलें तरी घर त्याला विसरूं देत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वारंवार पोट दुखणारीं मुलें व निरोगी मुलें अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना पोट तुडुंब वाटेपर्यंत पाणी पाजण्यांत आलें, व त्यानंतर त्यांना आईबापांपाशीं बसविलें. कांहीं पालकांना सांगितलें होतें कीं मुलाच्या त्रासाकडेच लक्ष द्या, त्याविषयींच सहानुभूतीनें बोला. कांहींना सांगितलें होतें कीं मुलाचें मन दुसऱ्या विषयाकडे वळवा. आणि कांहींना कांहींच सांगितलें नव्हतें. या तिसऱ्या गटाशीं तुलना केली असतां, जेथें त्रासाविषयींच बोलणें झालें तेथें मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या; जेथें मन दुसरीकडे वळविलें तेथें त्या निम्म्यावर आल्या. पुढें मुलांना व पालकांना आपापलें मत विचारलें. नेहमीं दुखणाऱ्या मुलांनीं सांगितलें कीं दुसरा विषय काढल्यानें अधिक बरें वाटलें. त्यांच्या आईबापांना मात्र तसें करण्यानें मुलाला अपाय होईल अशी अधिक भीति वाटत होती! मुलाला काय हवें आहे आणि आपल्याला काय द्यावेंसें वाटतें यांत किती अंतर असूं शकतें, हें यावरून दिसतें.

"घाबरूं नको, कांहीं होणार नाहीं" या वाक्याचीही अशीच गोष्ट आहे. कॅनडांतील संशोधकांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, सुई टोंचतांना पालक असा धीर देतात तेव्हां मुलांना त्यांत पालकांची स्वतःचीच भीति दिसते. मूल मनांत म्हणतें, "घाबरण्यासारखें कांहीं नसतें तर आईनें घाबरूं नको असें कशाला म्हटलें असतें?" धीर आवाजांत व हातांत असावा, तो शब्दांत वारंवार उच्चारला कीं उलट अर्थ देऊं लागतो.

मग बोलावें कसें? एक साधें संभाषण घेऊं.

"आई, पोट दुखतें."

"बरें, बोट ठेवून दाखव पाहूं कुठें तें."

"इथें, बेंबीपाशीं."

"कळ येऊन जाते, कीं सारखें दुखतें?"

"येते नि जाते."

"शौचास झाली का? मळमळतें का?"

"शौचास नाहीं झाली. मळमळत नाहीं."

"मागल्या आठवड्यासारखेंच आहे, कीं कांहीं निराळें?"

"तसेंच आहे."

"दुखतंय तुला, कळलें मला. मागें तें हळूहळू ओसरलें होतें, तसेंच आजही ओसरेल. कोमट पाणी पी, शौचास जाऊन ये, मग दप्तर भर. आणि काल तुमच्या पतंगाचें काय झालें तें सांगायचें राहिलेंच बघ."

हें सर्व दोन मिनिटांत आटोपतें. यांत आईनें विश्वास दाखविला, पण चौकशी एकदांच केली. जागा, प्रकार, सोबतचीं लक्षणें आणि पूर्वींशीं तुलना असे चारच प्रश्न विचारले. "आतां थांबेल" असें खोटें वचन दिलें नाहीं. पूर्वीं काय झालें होतें त्याची आठवण दिली. करण्यासारखें कांहीं काम दिलें, आणि मग पतंगाकडे वळली. पोट शेकणें, थोडा ओवा देणें असे घरगुती उपचार हवे तर करावे. त्यांत आईच्या हाताचा गुणही असतोच. वेदनाशामक गोळ्या मात्र वैद्यांच्या सल्ल्यावांचून वरचेवर देऊं नयेत, आणि पोट जोरानें दुखत असतां एरंडेलासारखें रेचक तर कधींच देऊं नये. आंत्रपुच्छ सुजलेलें असेल तर तें घातक होतें.

मन वळविणें म्हणजे दुर्लक्ष करणें नव्हे, हें पुन्हां सांगितलें पाहिजे. आधीं ऐकणें आणि मग वळविणें, हा क्रम सोडला तर पतंगाची गोष्टही अविश्वासासारखीच बोंचते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोना लेव्ही व त्यांचे सहकारी यांनीं २०० मुलें व त्यांचे पालक यांच्यावर केलेला अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाला अवघ्या तीन भेटींत असेंच शिकविण्यांत आलें: मुलांनीं दुखण्याशीं सामना कसा करावा, विचार कसे आवरावे, आणि पालकांनीं दुखण्याऐवजीं मुलाच्या धडपडीला शाबासकी कशी द्यावी. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ आहार व पोट यांची माहिती देण्यांत आली. पालकांनीं दिलेल्या माहितीवरून पहिल्या गटांतील मुलांचें दुखणें अधिक कमी झालें. औषध बदललें नव्हतें. घरांतलें बोलणें बदललें होतें.

शाळेच्या बाबतींतही एक गोष्ट निश्चित सांगतां येते. वैद्यांनीं तपासून धोका नाहीं असें सांगितलें असेल तर थोडें दुखत असतांही शाळेंत जाणें हें बरें. एक दिवस राहिलें कीं अभ्यास मागें पडतो, मागें पडलेल्या अभ्यासाची धास्ती वाटते, धास्तीनें पुन्हां पोट दुखतें. असें हें चक्र फिरूं लागतें. त्यापेक्षां वर्गशिक्षकांस घरून एक चिठ्ठी द्यावी कीं मुलाला कधीं कधीं असें होतें, त्याला दहा मिनिटें बसूं द्यावें व मग वर्गांत घ्यावें. शौचास जाण्याची परवानगी मागण्याची लाज, किंवा शाळेंतील शौचकूपाची किळस, यामुळें दिवसभर दाबून ठेवणारीं मुलें थोडीं नाहींत. पोटदुखीचें हें अगदीं साधें आणि सर्वत्र आढळणारें कारण आहे. जंतांचाही संशय घरोघरीं घेतात व तो सर्वस्वीं निराधार नसतो. २०१५ सालीं सरकारनें सुरू केलेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या योजनेखालीं शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देण्यांत येऊं लागली, ती मुलांनीं टाळूं नये.

आतां दुसरी बाजू. दहांपैकीं नऊ मुलांत रोग सांपडत नाहीं, तरी दहावें मूल आपलेंच असूं शकतें. म्हणून वारंवार दुखणाऱ्या प्रत्येक मुलास एकदां तरी वैद्यांकडून नीट तपासून घ्यावें. आणि पुढील चिन्हें दिसल्यास पुन्हां विनाविलंब न्यावें. वजन घटणें किंवा उंची वाढण्याची थांबणें, दुखण्यानें झोंपेंतून जागें होणें, शौचांतून रक्त पडणें, वारंवार उलट्या, विशेषतः हिरव्या, वरचेवर ताप, लघवीस जळजळ, डोळे पिंवळे दिसणें, सांधे सुजणें, आणि दुखणें बेंबीपाशीं नसून नेमक्या दुसऱ्या एका जागीं असणें. बेंबीपासून जितकें दूर दुखेल तितकी रोगाची शंका अधिक घ्यावी, हा अ‍ॅप्ली यांनीं घालून दिलेला ठोकताळा आजही वैद्यांस ठाऊक आहे. दुखणें बेंबीपाशीं सुरू होऊन कांहीं तासांत उजवीकडे खालीं सरकलें, ताप व उलटी सुरू झाली, चालतांना मूल वांकूं लागलें, तर आंत्रपुच्छाचा दाह असूं शकतो. तेव्हां रुग्णालय गांठावें. "मागल्यासारखेंच आहे, कीं निराळें?" हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे तो याचसाठीं. नेहमीं पोट दुखणाऱ्या मुलालाही एखाद्या दिवशीं निराळा आजार होऊं शकतो, आणि "याचें नेहमींचेंच आहे" म्हणून तो दिवस हातचा जातो.

कांहीं दुखणीं लाजेमुळें सांगितलीं जात नाहींत, आणि तेथें मौन फार महाग पडतें. मुलग्यांत कधीं कधीं अंडकोषास पीळ पडतो. वेदना भयंकर असते, परंतु संकोचानें मुलगा केवळ "पोटांत खालीं दुखतें" एवढेंच म्हणतो. सुमारें ६ तासांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर तो अवयव बहुधा वांचतो. उशीर झाला तर गमवावा लागतो. प्रत्येक वडिलांनीं आपल्या मुलास हें आधींच, शांतपणें, योग्य शब्दांत सांगून ठेवावें: "त्या जागीं दुखलें तर अर्ध्या रात्रीं सुद्धां मला उठव." तसेंच वयांत आलेल्या मुलींना मासिक पाळीच्या वेळीं ओटीपोटांत दुखतें. "बायकांना हें असायचेंच" असें म्हणून त्यांना गप्प केलें जातें. थोडें दुखणें स्वाभाविक आहे हें खरें; पण दर महिन्यास शाळा चुकावी इतकें दुखत असेल तर त्यावर चांगले उपाय आहेत आणि त्यासाठीं वैद्यांकडे जाण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तिसरें मौन भीतीचें. शाळेंत कोणी छळतो, कोणी नको तसा स्पर्श करतो, घरांतील भांडणें ऐकवत नाहींत, हें मूल शब्दांनीं सांगूं शकत नाहीं. त्याचें पोट तें सांगतें. अशा वेळीं समोरासमोर बसवून उलटतपासणी करूं नये. शेंगा सोलतांना, वाटेनें चालतांना, अंथरुणावर पडल्यावर दिवा मालवतांना मुलें आपण होऊन बोलूं लागतात. तेव्हां मध्यें न बोलतां ऐकणें एवढेंच काम मोठ्यांनीं करावें.

वैद्यांकडे गेल्यावर काय होतें? वैद्य मुलाला विचारतात आणि उत्तर आई देते! आईची माहिती मोलाची आहेच, पण पहिलें बोलणें मुलाचें असावें. "डॉक्टरांना तूं सांग, राहिलेलें मी सांगेन," असें घरूनच ठरवून न्यावें. एका वहींत चार आठवडे तारीख, वेळ, जागा, किती वेळ दुखलें, त्याआधीं काय खाल्लें व काय घडलें, एवढें रात्रीं एकदांच लिहून ठेवावें. दहा वर्षांपुढील मुलांनीं ही वही स्वतः लिहावी. तिच्यामुळें दिवसभर दुखण्याविषयीं बोलण्याची गरज राहत नाहीं, आणि वैद्यांस आठवणींच्या घोळापेक्षां स्वच्छ पुरावा मिळतो.

विद्यार्थिमित्रांनो, यांत तुमचाही वांटा आहे. दुखत असेल तर लपवूं नका, आणि नसेल तर दुखण्याचें नांव पुढें करूं नका. गृहपाठ झाला नसेल तर "गृहपाठ झाला नाहीं" असें सांगण्याचें धैर्य करा. एकाच्या खोट्या पोटदुखीमुळें शेजारच्या बाकावरील दुसऱ्याच्या खऱ्या पोटदुखीवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. वर्गांतील एखादा सोबती वरचेवर पोट धरून बसत असेल तर त्याची चेष्टा करूं नका. त्याचा बुडालेला धडा त्याला दाखवा. दुखणें सांगतांना कोठें, कसें, केव्हांपासून आणि पूर्वींसारखेंच कीं निराळें, या चार गोष्टी सांगावयास शिका. आणि जें सांगावयास लाज वाटते तें तर सर्वांत आधीं सांगा.

पालकांस शेवटीं इतकीच विनंति कीं, या विषयावर दोघांनीं आपसांत आधीं एकमत करावें. आई जवळ घेते आणि वडील रागावतात, किंवा आजी शाळा चुकविते आणि आई पाठविते, असें झालें कीं मुलाला दुखण्यापेक्षां घरांतील ओढाताणीचाच त्रास अधिक होतो. घरांत सर्वांनीं एकाच रीतीनें ऐकावें, एकाच रीतीनें उत्तर द्यावें. वारंवारचें दुखणें एका दिवसांत जात नाहीं. पुष्कळ मुलांचें तें महिन्यामहिन्यांनीं कमी होत जातें. तेवढ्या काळांत मुलाचा अभ्यास, खेळ आणि आईबापांवरील भरंवसा शाबूत राहिला, तर दुखण्याच्या दिवसांतही फार मोठी हानि झाली नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.